प्रमाण सारखं, क्रम वेगळा

काकी फणी घेऊन प्रयोगशाळेत आली तेव्हा मी बांगड्याचा डीएनए तापवत बसले होते.

तापवत म्हणजे खरोखरच तापवत. डीएनए ही दुपदरी दोरी असते हे हल्ली शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. तिचे दोन पदर चार घटकांनी एकमेकांना धरून ठेवलेले असतात. ॲडेनिनसमोर नेहमी थायमिन, ग्वानिनसमोर नेहमी सायटोसिन. पहिली जोडी दोन बंधांची, दुसरी तीन बंधांची, म्हणून ज्या जीवात दुसऱ्या जोडीचं प्रमाण जास्त, त्याची दोरी सुटायला उष्णताही जास्त लागते. तापमान सावकाश वाढवत न्यायचं, पदर कधी सुटतात ते पडद्यावर बघायचं आणि त्यावरून प्रमाण काढायचं. तालुक्याच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते आणि आमच्या किनाऱ्यावरच्या जीवांचं हे प्रमाण एकमेकांशी ताडून बघणं हा माझा शिकवण्याव्यतिरिक्तचा उद्योग आहे. बांगडा, कालवं, माड, काजू, आणि शिरोड्याच्या मिठागरात पाणी आटत आलं की त्याला लालसर करणारे सूक्ष्मजीव. आमच्या वाडीत या सगळ्याला ‘मासे उकडूची नोकरी’ म्हणतात. घरात म्हावरं कोण उकडत नाही, त्यासाठी एवढं शिकायची काय गरज होती, असा एकूण सूर.

त्या दिवशी बांगड्यात माझं लक्ष नव्हतंच. काळजी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण त्या वर्षी नवरात्रापासून काळजीला खरोखरच कारण होतं. माझा काका, वडिलांचा धाकटा भाऊ, पहाटे एकटाच छोटी होडी घेऊन जाळी उचलायला गेला, वारा फिरला, आणि दुपारी होडी उपडी सापडली. काका सापडला नाही. सगळ्या वाडीच्या होड्या शोधून आल्या. दिवाळी आली नि गेली. मग रेडीच्या बाजूला किनाऱ्याला एक देह लागला.

ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं एवढंच सांगते. अंगावर निळी हाफ पँट होती, आठवडी बाजारात ढिगाने मिळते तशी. पोलिसांनी ती काकीला दाखवली. काकी म्हणाली, “अशी पँट सगळ्यांकडेच आसा.” हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मग हवालदारांनी विचारलं, “रक्ताचं जवळचं कोण आहे?” आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काकाच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे केलं. “मुलगा आहे ना. हा बघा.” त्याने शर्टाची बाही वर केली. सरकारी दवाखान्यात त्याचं रक्त घेतलं गेलं, ते आणि त्या देहाचा नमुना मुंबईला गेला, देह पोलिसांनी पुरला, आणि आम्ही वाट बघायला लागलो.

वाट बघणं काकीला फार जड गेलं. कुंकू लावावं तर बायका कपाळाकडे बघून नजर खाली घालायच्या, न लावावं तर आपणच त्याला मारल्यासारखं व्हायचं. तिने घरात मासळी आणणं बंद केलं. का, ते तिने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. समुद्राने माणूस नेलेल्या घरात हे विचारायचं नसतं. ती स्वतः बाजारात पाटी घेऊन बसत होती, दिवसभर मासे विकत होती, आणि घरी येऊन डाळभात जेवत होती.

तर काकी आली. एसटीतून उतरून, पदराने घाम पुसत, कॉलेजच्या जिन्यावर दोन ठिकाणी विचारत. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फणी.

“तुझ्या मशिनार बघ गो,” ती म्हणाली. “पोलिसांचा कधी येयत देव जाणा. तेची फणी हाडलंय. केस आसत तिका.”

मी फणी बघितली. तिच्यात आखूड केस होते, लांब केस होते, पांढरे होते, काळे होते.

“काकी, ही एकट्या काकाची नाय.”

“घरात एकच फणी आसा,” ती म्हणाली. “आणखी काय हाडू? दात तो बोटान घासी, मशेरीन.”

मी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि आम्हा शिकवणाऱ्या माणसांना जे करावंसं वाटतं तेच केलं. समजावायला लागले. माझं यंत्र काय मोजतं, ते तिच्या भाषेत सांगितलं. प्रत्येक जातीच्या जिवाचं प्रमाण ठरलेलं असतं. बांगड्याच्या डोळ्यातून घे, शेपटीतून घे, तेवढंच येणार. आजचा बांगडा घे, पुढच्या वर्षीचा घे, तेवढंच. मिठागरातल्या जिवाचं मात्र पार वेगळं, त्याची दोरी सुटता सुटत नाही. आणि माणसांचं म्हणशील तर सगळ्या माणसांचं एकच. गोऱ्याचं, काळ्याचं, कोळ्याचं, कलेक्टरचं.

“माणसाचा किती?”

“शंभरात एकेचाळीसच्या आसपास.”

“आणि बांगड्याचा?”

खरं सांगायचं तर हे विचारायला नको होतं. “तेच्या जवळपासच,” मी म्हणाले.

बाजारात शिळी सुरमई ताजी म्हणून विकणाऱ्याकडे बघावं तसं काकीने त्या यंत्राकडे बघितलं. “म्हणजे माझो घो कोण आणि बांगडो कोण, ता पण ह्या मशिनाक कळणा नाय? मगे तुका पगार कित्या देतत?”

एरवी मी भांडले असते. या कामाची चेष्टा मला सहन होत नाही आणि बांगडा नि माणूस यांच्यातला तो थोडासा फरक काढताना माझा जीव मेटाकुटीला आला होता. पण ती हसत नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. मग मी पोलिसांची तपासणी कशी वेगळी, ते सांगू लागले.

“समज, दोन वळेसर आसत. दोघांतय अबोली तितकीच, मोगरो तितकोच. मोजलंस तर सारखेच. पण एकात अबोली-अबोली-मोगरो असा गुंफलेला आणि दुसऱ्यात वेगळाच. माझा मशीन नुसती फुला मोजता. गुंफलेला कसा, ता तेंचा मशीन बघता.”

“आणि गुंफलेला सगळ्यांचा वेगळा?”

“सगळ्यांचा. अर्धा बापाशीकडसून येता, अर्धा आवशीकडसून. म्हणान तर झिलाचा रगात घेतल्यानी. तेच्यातला अर्धा त्या माणसाशी जुळला, तर तो तेचो बापूस. नाय जुळला तर...”

तिथे मी थांबले. तोंड उघडं राहिलं असावं.

कारण तो काकाचा मुलगा नव्हता. म्हणजे होता, पण रक्ताने नव्हता. तो माझा सख्खा भाऊ.

काका-काकीला मूल नव्हतं. आमच्या घरात मी आणि एक भाऊ होतो (तो पुण्याला असतो, त्याचा इथे संबंध नाही), आणि मग हा झाला. बारशाच्या दिवशी माझ्या आईने त्याला नारळ-तांदळासकट काकीच्या ओटीत घातलं. मी तेव्हा लहान होते, पण देवळात सगळे गेलो होतो ते आठवतं. गावकाराने गाऱ्हाणं घातलं, की हे मूल आजपासून धाकट्याचं, कोणी वेगळं बोलणार नाही, कोणी परत मागणार नाही, आणि सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं. मीही म्हटलं. कोर्टकचेरी कोणी केली नाही. शाळेच्या दाखल्यावर काकाचं नाव लागलं, आधारवर तेच, सगळीकडे तेच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिनेही शेवटपर्यंत कधी त्याला वेगळी हाक मारली नाही.

आणि आम्ही विसरलो. लपवलं नव्हतं, खरंच विसरलो होतो. हवालदारांनी रक्ताचं कोण म्हणून विचारलं तेव्हा अण्णांनी ज्याला जन्म दिला त्यालाच भावाचा मुलगा म्हणून पुढे ढकललं आणि त्यांच्या मनात दुसरं काही आलंही नाही. मी बाजूला उभी होते. वर्गात आनुवंशिकता शिकवणारी मी. मलाही काही खटकलं नाही.

आता रिपोर्ट येणार आणि म्हणणार की नमुना देणाऱ्याचा हा बाप नव्हे. तो देह काकाचा असला तरी हेच म्हणणार. मग फाईल बंद होणार, बेवारस म्हणून तो तिथेच राहणार, आणि काकी कपाळाला हात लावत सात वर्षं वाट बघणार, कायदा म्हणतो तेवढी.

मी काकीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिने फणी पिशवीत ठेवली, पिशवीला गाठ मारली आणि म्हणाली, “माझी गाडी चुकात.” तिला कळलं होतं की नाही, मला समजेना. विचारायची हिंमत झाली नाही. जिन्याच्या खालपर्यंत तिच्याबरोबर गेले आणि परत आले तोवर बांगड्याचा नमुना वाया गेला होता.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. फोन वाजला की आधी नंबर बघायचे. रिपोर्ट आला तर संपलं, नाही आला तर आपल्याला अजून बोलायला वेळ आहे, आणि वेळ आहे म्हणूनच जास्त भीती. मिठागरातल्या जिवांचं काम हातात होतं, ते दोनदा चुकलं. मी नाना वाटा शोधल्या. अण्णांचं रक्त द्यावं? पण मुलगा असताना भावाचं कशाला, हे विचारणार. काहीही केलं तरी तेच सांगावं लागत होतं. आणि सगळ्यात हास्यास्पद म्हणजे दिलेलं रक्त चुकीचं नव्हतंच. काका आणि अण्णा सख्खे भाऊ. बापाकडून मुलग्याकडे जसाच्या तसा जाणारा एक तुकडा असतो, तो आजोबांपासून त्या दोघांत आणि अण्णांकडून याच्यात आलेला. चुकीचं होतं ते फक्त कागदावर लिहिलेलं नातं. पुतण्या म्हणून तपासा एवढं कोणीतरी जाऊन सांगितलं असतं तर पुरलं असतं.

शेवटी एका रविवारी अण्णांना सांगितलं. ते घरापुढच्या खळ्यात सुपाऱ्या सोलत होते. सगळं ऐकून घेतलं आणि हातातली सुपारी सोलून बाजूला टाकली.

“देवाक सांगितलेला आसा,” मग म्हणाले. “माझ्या तोंडान मी ता बोलाचंय नाय.”

“अण्णा, काकाच आसलो तर? तो थंय बेवारस म्हणान...”

“माका कळणा नाय असा वाटता तुका?” त्यांचा आवाज चढला. “माझो भाव आसा तो! पण तिका मी काय सांगू? तुझो घो गेलो, आता झीलय तुझो न्हय, असा सांगू?”

मला राग आला आणि रडूही आलं. दोन्ही बाजूंनी त्यांचंच बरोबर होतं. मी म्हणाले, मग मी जाते पोलिसांकडे. ते म्हणाले, जा, पण आधी तिला विचार. मी उठले, काकीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. आत तो बोलत होता, होडी परत पाण्यात कधी घालायची त्याबद्दल काहीतरी, आणि ती त्याला वाढत होती. अशा वेळी काय तोंडाने आत जाणार?

दोन-चार दिवसांनी काकीच आली. सकाळी, मी कॉलेजला निघायच्या तयारीत असताना. अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून. अण्णा दारातच उभे होते, त्यांच्याकडे तिने बघितलं नाही.

“आज रजा टाक,” ती मला म्हणाली. “देवळात जावन इलंय. देवाक सांगितलंय. आता पोलिसांका सांगूया.”

म्हणजे तिला त्या दिवशी स्टुलावर बसल्या बसल्याच कळलं होतं. माझ्यासारखंच, माझ्याच वाक्यावर. आणि इतके दिवस ती एकटीच ते घेऊन बाजारात बसत होती. मी दाराची कडी नीट लावली की नाही तेही मला आठवत नाही.

पोलिस ठाण्यात हवालदार तेच होते. काकी खुर्चीत बसली नाही. साहेबासमोर बोलतात तसं शुद्ध बोलू लागली, एकेक शब्द जुळवून. “साहेब, तुम्ही माझ्या मुलाचं रक्त घेतलं. तो माझ्या पोटचा नाही. माझ्या जाऊबाईंनी दिलेला आहे. ह्यांच्या थोरल्या भावाचा तो. तुम्ही तसं मुंबईला कळवा.”

हवालदारांनी मान वर केली. “मग आधी का नाही सांगितलं?”

“आम्हाला आठवण नव्हती,” काकी म्हणाली.

ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, खरं आहे. त्यांनी जबाब लिहायला घेतला. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होते, सवयीने. “सदर इसम हा बेपत्ता व्यक्तीचा मुलगा नसून पुतण्या आहे.” काकीने माझा हात धरला. तिच्या बोटांना मासळी कापून कापून घट्टे पडलेले आहेत, ते मला रुतत होते. पण ती शेवटपर्यंत उभी राहिली आणि सही केली.

परत येताना एसटीत ती एकच वाक्य बोलली. “तेका दुसऱ्या कोणाकडसून कळाक नको.”

तो किनाऱ्यावर जाळं विणत बसला होता. काकी मला माडाखाली थांब म्हणाली आणि एकटीच त्याच्याकडे गेली. मला ऐकू काही येत नव्हतं. ती बोलत होती, उभ्यानेच. तो हात चालवत होता. मग त्याचे हात थांबले. मग परत चालू झाले. त्याने मान वर केली नाही. थोड्या वेळाने ती तशीच परत आली आणि आम्ही घरी गेलो.

त्याला आधीपासून ठाऊक होतं का? वाडीत एवढ्या वर्षांत कोणी तरी बोललंच असेल, असं मला वाटत होतं. पण कोणी बोललं नव्हतं. सगळ्यांनीच “व्हय म्हाराजा” म्हटलं होतं ना.

संध्याकाळी तो आमच्या खळ्यात येऊन उभा राहिला. अण्णा आत निघून गेले. त्याने मला एवढंच विचारलं, “माझा रगात फुकट गेला?”

“नाय,” मी म्हणाले. “एकाच घरातला आसा. चालता ता.”

तो मान हलवून गेला. त्यानंतर काकीशी त्याने भांडण केलं नाही, तोंड वाकडं केलं नाही, पैसे पूर्वीसारखेच आणून हातात दिले, पाणी भरून दिलं. फक्त तिला हाक मारेनासा झाला. आधी दिवसातून शंभरदा आये, आये चालायचं. आता नुसतं “ऐकलंस?” किंवा तेही नाही, भांडं वाजवायचा. काकी ते ऐकून घ्यायची. एकदा मला म्हणाली, “दोघांकय मीच घालयलंय.” मी म्हटलं, तू कोणाला घालवलेलं नाहीस, राग निवला की होईल सगळं नीट. पण मला खात्री नव्हती. घरात, वर्गात, यंत्रापुढे, मला आता दोन भीती होत्या. तो देह काकाचा नसला तर काकीने मुलगा उगाच घालवला. आणि असला तर काकाही गेला, मुलगाही.

फोन आला तेव्हा आम्ही सगळे काकीच्या पडवीत होतो. काकीला ताप होता म्हणून मी आले होते, अण्णाही होते. फोन त्याच्या मोबाइलवर आला, कारण पहिल्या दिवशी त्याचाच नंबर लिहून घेतला होता. नाव बघून तो उठून उभा राहिला.

“हो, बोलतोय.” मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याचा चेहरा कठीण झाला. “मुलगा,” तो म्हणाला. परत पलीकडून काहीतरी. “साहेब, कागदावर पुतण्या लिहिलाय तो मीच. मुलगाही मीच. तुम्ही सांगा.”

तो ऐकत राहिला. अण्णांनी भिंत धरली. काकी अंथरुणात उठून बसली होती, तिने कपाळाला हात लावला, कुंकवावर, आणि तिथेच ठेवला. “कधी न्यायला येऊ?” त्याने विचारलं, “हो, कागद घेऊन येतो,” म्हणाला, आणि फोन बंद केला.

अण्णांनी काहीतरी विचारलं. तो काकीच्या अंथरुणाशी गेला, खाली बसला, आणि तिचा कपाळावरचा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“आये,” तो म्हणाला, “बाबा गावले.”